दम म्हणजे नेमकं काय? एमएमए लढवय्याची मेहनत

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'तत्त्वज्ञान' आणि त्याखाली 'एमएमए' असं छापलेलं पाहून एका स्नेह्यांनी फोन केला, की मुद्रणदोष झालाय, कळवून टाका. मुद्रणदोष नाही. आमचा नातू तीन वर्षं या खेळात आहे, त्यामुळे घरातल्या फ्रीजवर दुधाच्या हिशोबाऐवजी त्याचं सरावाचं वेळापत्रक लागलेलं असतं. आणि आम्ही स्वतः कॉलेज संपेपर्यंत तालमीच्या मातीत होतो. पण खरं कारण वेगळं आहे. 'ताकद', 'दम', 'कस', 'रग' हे शब्द आपण रोज वापरतो आणि ते एकच आहेत असं धरून चालतो. या खेळात ती गफलत महाग पडते. काही वेळा जीवावर बेतते. म्हणून शब्दांपासून सुरुवात करणाऱ्या माणसाला इथे थोडं काम आहे.

आधी खेळ कसा आहे ते. मिश्र युद्धकला, सगळे एमएमए म्हणतात तर आपणही तेच म्हणू. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, आणि जमिनीवर गेल्यावर गळा किंवा सांधा आवळून समोरच्याला हार मानायला लावणं, हे सगळं एकाच लढतीत. आज रूढ असलेले नियम २००० सालाच्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आकाराला आले. पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. किताबाची लढत असेल तर पाच. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. कल्पना जुनी आहे बरं का. ग्रीकांच्या ऑलिम्पिकमध्ये इसवी सनापूर्वी ६४८ पासून पॅन्क्रेशन नावाचा असाच खेळ होता. त्यात चावणं आणि डोळ्यात बोटं घालणं एवढंच निषिद्ध होतं. ग्रीकांकडे आपण पुढे परत येणार आहोत.

आता या लढवय्याचं सरावाचं काम दोन प्रकारचं असतं. एक, डाव शिकणं आणि लढून पाहणं. दुसरं, वजनं उचलणं, धावणं, उड्या, दोर, ज्याला ही मुलं 'एस अँड सी' म्हणतात, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग. आपल्या तालमीत हीच विभागणी होती: 'लढत' वेगळी आणि 'मेहनत' वेगळी. आम्ही मेहनत हाच शब्द वापरू. तर प्रश्न असा, की मेहनत कशासाठी? मुलं सांगतात, ताकद वाढावी म्हणून. आम्ही म्हणतो, हे उत्तर अर्धं आहे. तिसऱ्या फेरीच्या चौथ्या मिनिटाला, छाती भात्यासारखी चालू असताना, शिकलेला डाव हातापायांना आठवावा, यासाठी मेहनत. थकवा आला की सगळ्यात आधी काय जातं? ताकद नाही जात. नेमकेपणा जातो. हनुवटी वर येते, हात खाली येतात, पाय जागचे हलत नाहीत, आणि जो ठोसा पहिल्या फेरीत सहज चुकवला असता तो लागतो. ताकद वाढली पण ही घसरण थांबली नाही, तर ती वाढ जिममध्ये राहिली, पिंजऱ्यात आली नाही.

किती वेळ टिकायचं, हा या खेळातला विलक्षण प्रश्न आहे. गामा पहिलवानांचं उदाहरण घ्या. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिस्को यांची कुस्ती झाली. अडीच तासांहून जास्त वेळ चालली आणि निकाल लागला नाही, कारण झ्बिस्को बहुतेक वेळ खाली चिकटून राहिला. तीच जोड १९२८ मध्ये पतियाळात पुन्हा लागली आणि गामांनी एका मिनिटाच्या आत संपवली. तेच दोघे. कुठल्या लढतीची तयारी करायची सांगा? नव्या काळातही हे झालेलं आहे. २००० साली टोकियोत जपानचा साकुराबा आणि ब्राझीलचा रॉयस ग्रेसी नव्वद मिनिटं लढले, पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या, शेवटी ग्रेसीच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. आणि त्याच संध्याकाळी साकुराबा, स्वतःपेक्षा कितीतरी जड असलेल्या इगोर वोवचांचिनसमोर पुन्हा पंधरा मिनिटं उभा राहिला! आज फेऱ्या मोजून असतात, तरी लढत विसाव्या सेकंदाला संपू शकते किंवा पंचविसाव्या मिनिटापर्यंत जाऊ शकते. धावपटूला अंतर माहीत असतं. याला नाही.

शरीर ही अनिश्चितता कशी भागवतं, ते समजून घ्यायला आपण घरखर्चाचा दाखला घेऊ. स्नायूला काम करायला लागणारी शक्ती तीन वाटांनी येते. पहिली वाट म्हणजे खिशातले सुटे पैसे. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा तयार असतो, मागितला की लगेच मिळतो, पण दहाएक सेकंदांच्या जोरकस कामात संपत येतो. एखादा पट काढणं, ठोशांची एक सर, एवढ्यापुरता. दुसरी वाट म्हणजे उधारी. साखर प्राणवायूशिवाय फोडून शक्ती काढायची. मिळते झटपट, पण मिनिट-दीड मिनिटात अंग जड व्हायला लागतं. तिसरी वाट म्हणजे महिन्याचा पगार. प्राणवायू वापरून साखर आणि चरबी जाळायची. येते सावकाश, पण येत राहते.

आता गंमत बघा. तरुण मुलांना वाटतं, आपला खेळ स्फोटक, म्हणजे सुटे पैसे आणि उधारी महत्त्वाची. पगाराचं काम मॅरेथॉनवाल्यांचं. पण रिकामा खिसा परत भरतो कोण? पगारच. संपलेला फॉस्फोक्रिएटिनचा साठा साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो आणि पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि हे भरण्याचं काम प्राणवायूच्या वाटेनेच होतं. ज्याचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं, ज्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट आहे, त्याचा खिसा त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत जास्त भरतो. स्टुलावर बसलेल्या दोघांकडे बघा. दोघेही सारखेच घामेजलेले असतात. चाळीस सेकंदांनी एकाचा श्वास खाली बसलेला असतो, दुसऱ्याचा नाही. दम म्हणजे हे. न थकणं म्हणजे दम नव्हे. थकून लवकर परत येणं म्हणजे दम.

खाशाबा जाधवांची हकिकत इथे आठवते. गोळेश्वरचा हा माणूस १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सांगतात असं, की जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपल्यावर नियमाप्रमाणे मिळायला हवी ती अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, भांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता, आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. तीस मिनिटं. पदकाचा रंग त्यात ठरत असतो.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकू. अंगात 'लॅक्टिक ॲसिड साचतं' आणि दुसऱ्या दिवशी त्यामुळे अंग दुखतं, हे अजून सगळीकडे सांगतात. लॅक्टेट तास-दीड तासात रक्तातून निघून जातं, आणि ते विष तर नाहीच. हृदय ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं, विशेषतः ओझं सावकाश खाली आणताना होणाऱ्या.

आता ताकद. ही एक वस्तू नाही. ए. व्ही. हिल नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते, १९२२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवलं, की स्नायू जितका वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो. वेग आणि जोर एकमेकांच्या खिशातून घेतात. दुसरी गोष्ट वेळेची. स्नायूला आपला पूर्ण जोर लावायला सेकंदाचे तीनएक दशांश तरी लागतात. ठोसा त्याआधीच पोचलेला असतो. म्हणजे दोनशे किलो उचलणाऱ्याचा पूर्ण जोर ठोशात कधी उतरतच नाही. उतरतो तो पहिल्या एक-दोन दशांशात जितका जमतो तितका. म्हणून जड वजनांसोबत औषधी चेंडू फेकणं, उड्या, हलक्या वजनाचे वेगवान झटके, हे लागतं. उलट, समोरच्याला कुंपणाशी दाबून धरायचंय, मानेची कैची सोडवायचीय, तेव्हा वेळ भरपूर असतो आणि तिथे निखळ जोर कामाला येतो.

आणि तिसरा प्रकार, धरून ठेवण्याचा. पहिलवान म्हणतात ना, 'हात भरून आले'? तो अनुभव अगदी शारीरिक आहे. स्नायू घट्ट आवळलेला असतो तेव्हा त्याच्यातल्या रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. आत रक्त येत नाही, प्राणवायू येत नाही, पगाराची वाट बंद. म्हणून गळा आवळायला गेलेला मुलगा पंधरा-वीस सेकंद पूर्ण जोर लावतो, समोरचा सुटतो, आणि याचे हात पुढची दोन मिनिटं लाकडासारखे होतात. जाणता माणूस आधी जागा पक्की करतो, हात सैल ठेवतो आणि शेवटी आवळतो. इथे ताकदीचा प्रश्न कौशल्याने सुटला, बघा. जिममधल्या कुठल्याही यंत्रावर हे शिकता येत नाही.

मग सगळंच वाढवावं, असं वाटेल. जड वजनंही, धावणंही, वेगही. इथे १९८० सालचा रॉबर्ट हिक्सन यांचा प्रयोग आठवावा. त्यांनी तीन गट केले. एकाने फक्त वजनं उचलायची, एकाने फक्त दमाचं काम करायचं, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्याच्या सुमारापर्यंत फक्त वजनं उचलणाऱ्या गटासारखी वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. दमावर मात्र परिणाम झाला नाही. अर्थात त्यांनी दिलेला डोस राक्षसी होता, आठवड्यात पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दम. बेताने केलं तर दोन्ही सुखाने नांदतात. पण मुद्दा पक्का आहे: शरीराकडे सुधारण्याची जी क्षमता आहे ती एकाच कोठारातून येते. आणि एमएमएच्या मुलाचं कोठार आधीच निम्मं रिकामं असतं, कारण तो रोज लढतो! कुस्तीची एक तासाची लढत ही स्वतःच जबरदस्त मेहनत आहे. ती झाल्यावर 'आता मन कणखर करू' म्हणून टायर उलटवायला लावणारे प्रशिक्षक आम्ही पाहिलेत. व्हिडिओ छान होतो. दुसऱ्या दिवशी मुलगा डाव शिकायला येतो तेव्हा त्याचं अंग शिकण्याच्या स्थितीत नसतं, आणि ते व्हिडिओत दिसत नाही.

लढतीच्या आधीच्या आठ आठवड्यांत शहाणे प्रशिक्षक साधारण असं करतात. वजनं आठवड्यातून दोनदा, जड पण थोडी, तीन ते पाच उचलण्यांचे मोजके सेट, आणि दमछाक होण्याआधी थांबणं. सावकाश धावणं किंवा सायकल, ज्यात शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या गतीने, चाळीस मिनिटं ते तास. खरोखर फेस आणणारं काम एकदा, फार तर दोनदा. मान आणि पकड यांच्याकडे वेगळं लक्ष. शेवटचे आठ-दहा दिवस कामाचं प्रमाण निम्म्यावर, पण तीव्रता तीच. या शेवटच्या दिवसांत मुलं अस्वस्थ होतात. काहीच करत नाही आहोत असं त्यांना वाटतं. पेरल्यावर रोज माती उकरून बघणाऱ्यासारखं आहे ते.

आपल्या तालमीने यातलं काय ओळखलं होतं? बरंच. आखाडा फावड्याने खणणं, दोर चढणं, गदा आणि करेला फिरवणं, जोडीदार खांद्यावर घेऊन बैठका. गदेचं वजन टोकाला असतं, ते डोक्यामागून फिरवताना पकड, खांदा आणि कंबर एकत्र कामाला लागतात. आज 'मेस' म्हणून तेच साधन परदेशी जिममध्ये विकलं जातं. आणि मेहनतीनंतरची मालिश, दुपारची झोप, खुराक, हे वस्ताद मेहनतीइतकंच कडक पाळून घ्यायचे. पण एक सांगितलं पाहिजे. हजार बैठका मारल्याने हजार बैठका मारण्याची ताकद येते. निखळ जोर वाढवायला ओझं वाढवावं लागतं, संख्या नाही. मातीतली कुस्ती अर्धा-पाऊण तास चालायची, तिला ती संख्या शोभत होती. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या, आणि तीच मेहनत घेऊन गेलेले आपले किती पहिलवान दुसऱ्याच मिनिटाला मागे पडले.

आमच्या दृष्टीने जुन्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. सुश्रुताने आणि पुढे वाग्भटाने सांगितलंय, की व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. आणि अर्धी शक्ती ओळखायची कशी, तेही दिलंय: कपाळावर, नाकावर, सांध्यांत घाम येतो, तोंडाला कोरड पडते, श्वास तोंडावाटे येऊ लागतो. यंत्र नाही, आकडा नाही, शरीराची खूण आहे. विसाव्या शतकात गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाला 'तुला किती कष्टाचं वाटतंय' एवढंच विचारून सहा ते वीस असा अंक द्यायला लावला, आणि तो अंक दहाने गुणला की साधारण हृदयाचे ठोके येतात असं दिसलं. म्हणजे आतून वाटणं हेही मोजमाप असू शकतं, फक्त विचारणारा हवा.

विचारलं नाही तर काय होतं? आता ग्रीकांकडे येऊ. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रेटस नावाच्या लेखकाने व्यायामविद्येवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो त्याच्या काळच्या प्रशिक्षकांवर चिडलेला आहे. त्यांनी 'टेट्राड' म्हणजे चार दिवसांचं चक्र काढलं होतं: पहिल्या दिवशी अंग तयार करणारं हलकं, झटपट काम, दुसऱ्या दिवशी जीव तोडून, तिसऱ्या दिवशी विश्रांती, चौथ्या दिवशी मध्यम. कागदावर उत्तम. आजच्या कुठल्याही ॲपमध्ये शोभेल. मग तो गेरेनस नावाच्या मल्लाची गोष्ट सांगतो. ऑलिम्पिक जिंकल्यावर त्याने मित्रांबरोबर खाणंपिणं, जागरण केलं. आखाड्यात आला तेव्हा म्हणाला, बरं वाटत नाही. प्रशिक्षक संतापला. चक्र मोडायचं नाही म्हणून त्याने ठरलेली मेहनत करायला लावली, आणि त्या मेहनतीतच गेरेनस मेला.

ॲरिस्टॉटलने त्याच्या कितीतरी आधी हेच शांतपणे मांडलंय. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो, व्यायाम जास्त झाला तरी बळ नष्ट होतं, कमी झाला तरी. आणि मधला बिंदू गणिताने काढता येत नाही: दहा माप अन्न जास्त, दोन कमी, म्हणून प्रशिक्षक सगळ्यांना सहा देत नाही, मिलोसारख्या मल्लाला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. वर्गात हे शिकवताना पोरं जांभया द्यायची. फ्रीजवरचं वेळापत्रक पाहिलं की आम्हाला त्याचा अर्थ जास्त कळतो.

आकडा माणसापेक्षा मोठा होतो अशी या खेळातली सगळ्यात भीषण जागा म्हणजे वजनकाटा. वजनगट न्यायासाठी आहेत. १९९३ साली डेन्व्हरमध्ये यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा गट नव्हतेच, नंतर आले, आणि चांगलं झालं. पण वजन लढतीच्या साधारण एक दिवस आधी करतात. मग सगळे एकच युक्ती करतात: पाणी तोडायचं, गरम पाण्याच्या टबात बसायचं, सॉनात घाम काढायचा, चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त उतरवून काट्यावर उभं राहायचं, आणि पुढच्या चोवीस तासांत परत भरायचं.

आपण मघाशी पगाराची वाट म्हणालो. आठ आठवडे धावल्याने शरीरात आधी कुठला बदल होतो, माहीत आहे? रक्तातल्या पाण्याचा भाग, प्लाझ्मा, वाढतो. रक्त वाढलं की हृदय दर ठोक्याला जास्त फेकतं, अंगातली उष्णता त्वचेपर्यंत नेऊन घामावाटे टाकता येते. आणि टबात बसून पहिल्यांदा काय जातं? तोच प्लाझ्मा. दोन महिन्यांची कमाई दोन तासांत. हृदय रिकामं ठोकत राहतं, घाम आटतो, अंगाचं तापमान चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी एका दिवसात पुरतं परत भरतंच असं नाही, आणि अशा अवस्थेत हा मुलगा डोक्यावर ठोसे खायला जातो.

१९९७ साली अमेरिकेत महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज कुस्तीगीर असं वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत सॉना आणि रबरी सूट बंद झाले, वजन लढतीच्या जवळ आणलं. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या वजन उतरवताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या स्पर्धेच्या आयोजकांनी, वन चॅम्पियनशिपने, मग पाणी तोडून वजन उतरवण्यावरच बंदी आणली. लढवय्याच्या लघवीची घनता तपासतात, आणि अंगात पुरेसं पाणी असतानाचं वजनच ग्राह्य धरतात. हाबीब नुरमागोमेदोव, ज्याच्या दमाच्या दंतकथा आहेत, तोही मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना रुग्णालयात गेला आणि लढत रद्द झाली. आणि पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाटचे शंभर ग्रॅम आपण सगळ्यांनीच मोजले. रात्रभर ती मुलगी काय करत होती हे वाचलं, तेव्हा शंभर ग्रॅम का उतरले नाहीत यापेक्षा बाकीचे किलो कसे उतरवले याचीच आम्हाला भीती वाटली.

यावर लोक म्हणतात, सगळेच करतात, एकट्याने सोडलं तर तो मोठ्या अंगाच्या माणसासमोर उभा राहील. खरं आहे. हा एकट्याने सोडवण्याचा प्रश्नच नाही. सगळे दोन किलोंनी उतरले की कुणालाच फायदा राहत नाही, फक्त सगळे कोरडे होतात. म्हणून नियमच हवा, आणि तो लघवीच्या तपासणीसारखा, पळवाट अवघड करणारा हवा. आपल्याकडच्या छोट्या हौशी स्पर्धांमध्ये डॉक्टरचं टेबल असतं, पण ही तपासणी आम्ही अजून पाहिलेली नाही. त्याचा खर्च फार नाही.

वेळ झालीय. प्रश्नांच्या दोन चिठ्ठ्या आल्यात त्या घेतो.

पहिली: 'जोर-बैठका एमएमएला चालतात का?' चालतात, अंग गरम करायला आणि सांधे मोकळे ठेवायला उत्तम. ताकदीसाठी त्यात ओझं घाला. गुडघा कुरकुरत असेल तर संख्येचा हट्ट सोडा.

दुसरी चिठ्ठी एका आईची आहे. मुलगा सतरा वर्षांचा, सकाळचं वजन साडेएकाहत्तर किलो, आणि प्रशिक्षक ६५.८ च्या गटात खेळवायचं म्हणतायत, स्पर्धा दहा आठवड्यांवर आहे. ताई, तो अजून वाढतोय. पावणेसहा किलो म्हणजे त्याच्या वजनाचा बारावा हिस्सा. त्याच्या वरचा गट ७०.३ चा आहे. सव्वा किलो दहा आठवड्यांत जेवणाच्या वेळा सुधारून, बाहेरचं तळलेलं बंद करून सहज जातं, पाण्याला हात न लावता. तेवढंही गेलं नाही तर ७७.१ मध्ये खेळू द्या. तिथे मोठी मुलं असतील, एखाददुसरी लढत जाईल. प्रशिक्षकांना हे सांगायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर आम्ही येऊ बरोबर. शनिवारी सकाळी आम्ही मोकळे असतो.